उसन्या चुका

"आत्या, तुझ्याकडे एखादी चूक आहे का गं? मला उद्यासाठी हवीय."

शनिवारची दुपार होती. मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसले होते आणि दारात माझी भाची उभी होती. ही पोर जन्मली तेव्हा इवलीशी, गोल आणि गुळगुळीत होती, म्हणून मी तिला वाटाणा म्हणाले, ते आजतागायत चिकटलंय. आता ती चौथीत आहे, हातापायांनी लांबुडकी झालीये, पण वाटाणा तो वाटाणाच. शेजारी लोक वाटीभर साखर मागायला येतात. ही चूक मागायला आली होती.

"चूक कशाला गं?" मी विचारलं.

"उद्या रविवार ना. माझ्याकडच्या संपल्या."

मी एवढी हसले की सुरी खाली ठेवावी लागली. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण ते पुढे कळायचं होतं. मी तिला एक चूक दिली. म्हटलं, सांग की आत्याच्या पडद्याला नाक पुसलं. तिने ती दोनदा पुटपुटून पाठ केली, "थँक्यू" म्हणाली आणि उड्या मारत जिना चढून गेली.

हे रविवारचं काय प्रकरण होतं ते आधी सांगायला हवं, आणि त्यासाठी तिच्या आईचं सांगायला हवं. माझी भावजय आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते, मी खाली. ती बेकरीत भट्टीवर काम करते. अंधार असतानाच जिना उतरते, बूट हातात घेऊन, माझी झोप मोडू नये म्हणून. माझी झोप रोज मोडते. मी जन्मभर वॉर्डात सिस्टर म्हणून राबलेली बाई, मला मांजराच्या पावलानेही जाग येते. गल्लीत मला सगळे मेट्रन म्हणतात. मेट्रन मी कधीच झाले नाही, पण आवाज तसा आहे म्हणे.

तर ही भावजय. हातांवर कोपरापर्यंत भट्टीच्या चटक्यांचे डाग, भुवयांत पीठ, आणि तोंडात कायम एकच शब्द, "माफ करा." दाराला धडकली तर दाराची माफी मागेल. बेकरीची मालकीण म्हणते, हिच्या हातून ट्रे पडला तर ही आधी ट्रेची विचारपूस करते. वाटाणा सकाळी उठते तेव्हा आई घरात नसते, पोर खाली माझ्याकडे येऊन दूध पिते, मी तिची वेणी घालते, शाळेत पाठवते. दुपारी भावजय परतते ती जिन्यातच मला म्हणते, "ताई, तुम्हाला त्रास." मी म्हणते, "त्रास तुझ्या या बोलण्याचा होतो, पोरीचा नाही." मग ती म्हणते, "माफ करा." काय बोलणार!

आता तिचा नवरा. तो माझा धाकटा भाऊ, म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ. आमचे दर्यावर्दी बोटीवर वायरमन. लहानपणापासून गोड बोलायचा आणि गोड बोलून निसटायचा. घरी आला की घर दणाणून सोडायचा. टेबलाच्या डोक्याला बसायचा आणि जेवणाआधी एवढी लांब प्रार्थना करायचा की सूपवर साय धरायची. नाताळात खिडकीत कागदी तारा तोच लावायचा, दुसऱ्या कुणी हात लावलेला चालायचा नाही. मग बोटीवर जायचा आणि पुढच्या येण्याची तारीख सांगायचा. ती तारीख यायची. तो यायचा नाही. लेकीला सांगितलेलं असायचं, "तू बूट घालून तयार राहा, मी आलो की थेट फिरायला जायचं." पोर दुपारपासून बूट घालून खिडकीत बसायची आणि संध्याकाळी बुटांसकट झोपी जायची. एका नाताळात झालं, पुढच्या नाताळात झालं. त्यानंतरच्या नाताळाआधी त्याचा फोन आला की यंदा नक्की, आणि भावजयीने त्याला सांगितलं, "येऊ नकोस. आता कधीच येऊ नकोस."

हे मला कुणी सांगितलं? त्यानेच. लगेच मला फोन करून रडला. मी म्हटलं, मग येऊन दाखव, दार वाजव, पाय धर. तर म्हणाला, "ती नको म्हणाली ना ताई." आयुष्यात या माणसाने बायकोचं एकच ऐकलं, तेही नेमकं हेच.

भावजयीने हे कुणालाही सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा मान खाली घालून "हो" म्हणाली, तेवढंच. पोरीला सांगितलं की बाबाला सुट्टी मिळाली नाही. नंतर सांगितलं की बाबा आता दुसऱ्या बंदरात राहतो. चर्चमध्ये लोकांनी आपापलं ठरवून टाकलं की बोटवाला बायकोला टाकून गेला. बायकांच्या प्रार्थनेत हिच्यासाठी नेमाने प्रार्थना व्हायला लागली, "प्रभू, आमच्या या टाकलेल्या बहिणीला आधार दे." ही तिथेच डोळे मिटून बसलेली, कान लाल झालेले. लोकांना वाटायचं दुःखाने. मला माहीत होतं, खाई त्याला खवखवे. वेदीसमोर "मरण येईपर्यंत" म्हणालेली बाई, तिने स्वतःच्या तोंडाने नवऱ्याला नको म्हटलं, आणि वर लोकांची कणव फुकटात घेत होती. प्रभुभोजनाचा पाव तिच्याच भट्टीतून येतो, पण तो घ्यायला ती तेव्हापासून उठत नाही. सगळे रांगेने पुढे जातात, ही बाकावर गुडघे जुळवून बसते. आमच्या चर्चचे पाळक तिला नम्र म्हणतात. नम्र कसली, ती स्वतःला शिक्षा देत होती.

घरात मात्र तिने कंबर कसली. जुन्या रीतींत जिथे तिथे त्याची जागा होती, आणि प्रत्येक जागी आता खड्डा. टेबलाचं डोकं रिकामं, तारा माळ्यावर. ती म्हणाली, "ताई, आम्ही दोघींच्या नव्या रीती पाडणार." आधी तिने गोष्टीचा बुधवार काढला. त्यात पोरीच्या आधी हीच झोपायची आणि गोष्टीतला राजा अर्ध्या जंगलातच राहायचा. मग शनिवारी गीत गात फिरायला जायची रीत निघाली. दोघींचेही सूर असे की गल्लीतली कुत्री मागे लागली. मग एका रविवारी पाळकांनी प्रवचनात सांगितलं, देवासमोर येण्याआधी घरातलं मिटवून या. ही घरी आली ती उजळलेल्या चेहऱ्याने. तिला तिची रीत सापडली होती.

रीत अशी. बेकरीत रोज एखादा पाव वाकडा निघतो, एका बाजूला फुगलेला, फुटलेला, विकता न येणारा. रविवारी संध्याकाळी तो वाकडा पाव टेबलाच्या मधोमध ठेवायचा. प्रत्येकीने आठवड्यातली आपली एक चूक सांगायची. दुसरीने म्हणायचं, "माफ केलं," आणि पाव मोडून एक तुकडा तिच्या ताटात ठेवायचा. आधी माफी, मग पाव. माफी नाही तर पाव नाही.

ऐकायला किती छान! मलाही आवडलं होतं. पहिले काही आठवडे वाटाणाही खूश होती, कारण चुकांचा साठा भरपूर होता. दूध सांडलं, खोटं पोट दुखलं, बाईंना वाकुल्या दाखवल्या. पण पोर स्वभावाने शहाणी, तिचा साठा लवकरच आटला. म्हणून ती माझ्याकडे उसन्या मागायला लागली. मीही हौसेने देऊ लागले. एकदा दिली, "आत्याच्या चष्म्याला जॅम लावला." एकदा, "पाळक बोलत असताना जांभई दिली," ती खरं तर माझीच होती. वरून रविवारी संध्याकाळी "माफ केलं" ऐकू यायचं आणि मी खाली एकटीच हसायची.

मग शाळेतून बोलावणं आलं. भावजय कामावर होती म्हणून मी गेले. वर्गशिक्षिका तरुण आणि कावरीबावरी, समोर मी बसल्यावर तर आणखीच.

"तुमची मुलगी गुणी आहे," ती म्हणाली, "पण ती सगळंच कबूल करते."

"म्हणजे?"

"वर्गातला नकाशा कुणीतरी फाडला. मी विचारलं कुणी, तर ही उभी राहिली. फळ्यावर कुणी काही लिहिलं, ही उभी राहिली. मुलांना आता कळलंय, ते काहीही करतात आणि हिच्याकडे बघतात. काल मी माशांच्या फुटलेल्या बरणीबद्दल विचारलं, ती परवा फुटली होती. परवा तुमची मुलगी तापाने घरी होती. तरी उभी राहिली आणि म्हणाली, मीच."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि इथे संन्यासीच गळा पुढे करत होता. वॉर्डात मी अशी माणसं पाहिली आहेत. दुखतं एकीकडे आणि दाखवतात दुसरीकडे. म्हणतात, सिस्टर, बोट दुखतंय. बोट बघावं तर चांगलं असतं, आणि छातीत भलतंच काहीतरी निघतं.

शाळेतून येताना मी तिला बागेच्या कठड्यावर बसवलं. तिचे पाय जमिनीला पुरत नव्हते, ते ती हलवत होती.

"बरणी तू फोडलीस?"

"नाही."

"मग हो का म्हणालीस?"

ती पाय हलवत राहिली. मी बोलते घाईघाईने, पण थांबायला मला येतं, ते वॉर्डाने शिकवलंय. शेवटी ती म्हणाली, "आत्या, छोट्या छोट्या सांगितल्या की मोठी सांगावी लागत नाही."

"मोठी कुठली?"

पाय थांबले. "बाबा माझ्यामुळे येत नाही."

मग ते सगळं बाहेर आलं, अडखळत, नाक ओढत. त्या नाताळाआधीचा तो फोन आधी हिनेच उचलला होता. बाबाने विचारलं, येऊ ना गं, बूट घालून बसशील ना? आणि ही रुसलेली, आदल्या नाताळाच्या रागाने म्हणाली, "नको येऊस. मी नाही घालणार बूट." आणि फोन आईच्या हातात देऊन खोलीत पळाली. त्यानंतर तो आलाच नाही. एवढंसं पोर इतका काळ हे पोटात घेऊन फिरत होतं. दर रविवारी त्या वाकड्या पावासमोर बसून ते सांगायची भीती, आणि न सांगायचीही भीती. म्हणून माझ्याकडून पडदे आणि जॅम उसने नेत होती. ताकाला जाऊन भांडं लपवणं मोठ्यांना शोभतं, पण हे दहा वर्षांचं पोर.

"आईला सांगू नकोस," ती म्हणाली. "ती म्हणेल माफ केलं. पण पाव देताना रडेल."

मी तिला तिथेच सांगू शकले असते की बाळा, तुझा काही संबंध नाही, तुझ्या आईनेच त्याला नको म्हटलं. शब्द जिभेवर आले होते. पण ते शब्द माझे नव्हते. मी तिला एवढंच म्हटलं की तुझ्यामुळे नाही, मेट्रनची शपथ. तिने माझ्याकडे पाहिलं ते असं की, मोठी माणसं असंच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीला शाळेत सोडलं आणि तशीच बेकरीत गेले. मागच्या दाराने, जिथून पिठाची पोती येतात. आत गरम हवा आणि खमिराचा आंबूस वास. भावजय भट्टीसमोर उभी होती. लांब दांड्याचं लाकडी फावडं आत सारून ती पाव पुढे-मागे करत होती, मागचे पुढे, पुढचे मागे, म्हणजे सगळे सारखे भाजतात. मला पाहून ती घाबरली.

"ताई? वाटाणा बरी आहे ना?"

"बरी आहे. तुझी रीत बरी नाही." आणि मी सगळं सांगून टाकलं. शाळा, बरणी, कठडा, फोन. मला गोडीगुलाबीने सांगता येत नाही, मी इंजेक्शन टोचते तसं सांगते.

ती ऐकत राहिली. फावडं हातात तसंच. मी बोलायची थांबले तरी ती तशीच उभी, आणि भट्टीतून धूर यायला लागला. पलीकडच्या कारागिराने ओरडून तिच्या हातातून फावडं घेतलं, तोपर्यंत पावांची खालची बाजू कोळसा झाली होती. ती पहिल्यांदाच कुणाची माफी मागायला विसरली.

"मी तिला सांगते, तुझ्यामुळे नाही," ती म्हणाली.

"ते मी कालच सांगितलं. तिने विश्वास ठेवला नाही. आणि ठेवला तर विचारेल, मग कुणामुळे?"

"सांगेन, बाबाची नोकरीच तशी."

"पुन्हा खोटं? एका खोट्याने पोर अर्धी झाली, दुसऱ्याने पुरती कर."

तिने एप्रनला हात पुसले. पुसत राहिली, हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिली. "ताई, तिला वाटतं बाबा तिचा चांगला होता. तिला कळलं की मीच त्याला दार बंद केलं, तर ती मनाने दूर जाईल हो माझ्यापासून. घरातच राहील, पण मनाने जाईल. माझ्याकडे दुसरं काय आहे?"

खरं सांगते, मला तिचा रागही आला आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. तो माझा भाऊ होता. तिने त्याला घालवलं, याचा सल माझ्याही मनात आहे, आणि तिचं काही चुकलं नाही हेही मला माहीत आहे. दोन्ही एकदम असतं माणसाला. मी म्हटलं, "ती आत्ताच गेलीये. तुझ्यासमोर बसून ती माझ्या चुका सांगते, तिची एकही नाही. आणि तू तरी काय सांगतेस?"

"दूध उतू गेलं," ती हळू म्हणाली. "गणवेश धुवायचा राहिला."

"म्हणजे दोघीही एकमेकींना चिल्लर देताय."

त्या रविवारी तिने मला वर जेवायला बोलावलं. मी त्या टेबलाशी त्या रीतीला पहिल्यांदाच बसले. लहान खोली, खिडकीशी टेबल, तिघींना कोपराला कोपर लागेल एवढंच. टेबलाचं डोकं भिंतीला लावून टाकलं होतं, म्हणजे तिथे कुणाला बसताच येऊ नये. सूप, उकडलेली अंडी, आणि मध्ये तो पाव. त्या दिवशीचा पाव खरंच विनोदी होता, एका अंगाला गालफुगी झाल्यासारखा. वाटाण्याने एरवी त्यावर काहीतरी म्हटलं असतं. ती माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं की नाही ते माझ्या तोंडावर शोधत होती.

छोटी प्रार्थना झाली. वाटाण्याने तोंड उघडलं, "माझी चूक म्हणजे, मी शाळेत..."

"थांब," भावजय म्हणाली. "आज आधी मी."

ती उभी राहिली. का कोण जाणे, बसून बोलता आलं नसावं. दोन्ही हात टेबलावर ठेवले, चटक्यांचे डाग दिव्याखाली दिसत होते.

"बाबाचा तो फोन आला होता ना. तू मला दिलास आणि आत गेलीस. तो मला म्हणाला, ती तर रुसली, पण मी येतोच. तू नको म्हणालीस तरी तो यायला निघालाच होता. मग मी त्याला म्हणाले, येऊ नकोस. कधीच येऊ नकोस. तुझ्यामुळे नाही गं. मी म्हणाले. त्याला सुट्टी होती. मी तुझ्याशी खोटं बोलले."

हे सगळं मला माहीत होतं. मी मनात म्हटलं, शाबास, सांगितलंस, आता बस खाली. पण ती बसली नाही.

"आणि बूट," ती म्हणाली.

वाटाण्याने मान वर केली.

"नाताळच्या दिवशी तू बूट घातलेस. नाही घालणार म्हणाली होतीस, तरी घातलेस. नाड्या स्वतः बांधल्यास आणि खिडकीत जाऊन बसलीस. मला माहीत होतं तो येणार नाही. मीच नको म्हटलं होतं. मी तुला सांगायला हवं होतं, बाळा, काढ ते बूट. मला सांगता येईना. मी स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुवत बसले. अंधार पडेपर्यंत तू बसलीस, आणि मी तुला बसू दिलं."

हे मला माहीत नव्हतं. भावाचा फोन माहीत होता, खोटी सुट्टी माहीत होती. बाकावर बसून प्रभुभोजन नाकारणारी ही बाई नेमकं काय गिळून बसली होती ते त्या क्षणी मला कळलं. नवऱ्याला घालवल्याचं नव्हतंच ते. मला तिच्याकडे बघवेना. मी सुपाकडे बघत राहिले.

वाटाणा बोलली. आवाज अगदी लहान. "तू मला विचारलंस. मध्ये एकदा येऊन. पाय गार पडलेत का, असं विचारलंस."

"हो."

"तेव्हा पण माहीत होतं?"

"हो."

भावजय उभीच, आणि तो वाकडा पाव मध्ये. वाटाण्याचे डोळे भरले नव्हते, कोरडे आणि मोठे झाले होते. तिच्या बापाचे डोळे आहेत ते, पण त्याने ते असे कधी कुणावर रोखले नाहीत, त्याने कायम चुकवले.

"माझी चूक नव्हती?" तिने विचारलं.

"नव्हती. कधीच नव्हती."

"मी दर रविवारी खोटं खोटं सांगत होते."

"मी पण."

पोरीने ओठ घट्ट मिटले. मग म्हणाली, "मला हे माफ नाही करता येत."

माझ्या तोंडात लगेच सल्ला आला, उचलली जीभ लावली टाळ्याला, अगं आई आहे ती, असं म्हणायला मी श्वासही घेतला. भावजयीने माझ्याकडे न बघताच हात वर करून मला थांबवलं. मला, मेट्रनला.

"बरं," ती लेकीला म्हणाली. "नको करूस." आणि ती खाली बसली. रीत तिनेच पाडली होती आणि ती तिला पाठ होती. माफी नाही तर पाव नाही. तिने हात मांडीवर घेतले आणि रिकाम्या ताटाकडे बघत बसली, चर्चमध्ये बसते तशीच, गुडघे जुळवून. तिला शिक्षा नवी नव्हती. मला वाटतं तिला त्यात थोडं बरंच वाटलं असावं.

सूप निवत चाललं. मी जागच्या जागी चुळबुळत होते. वाटाणा पावाकडे बघत होती, मग आईच्या ताटाकडे, मग पुन्हा पावाकडे. तिच्या कपाळावर आठी होती, गणित अडलं की पडते तशी. मग तिने दोन्ही हातांनी पाव ओढला आणि तो फुगलेला गालच मोडला. कवच कडक होतं, तिला जोर लावावा लागला, चुरा सगळीकडे उडाला. तो तुकडा तिने आईच्या ताटात ठेवला.

"माफ नाही केलं," ती म्हणाली. "जेवून घे. तुला पहाटे जायचंय."

भावजयीने तो तुकडा उचलला आणि तोंडाला लावला, पण तिला तो चावता येत नव्हता, कारण ती रडत होती. पावाचा चुरा तिच्या गालाला चिकटला. वाटाणा तिच्याकडे बघून म्हणाली, "सुपात बुडव, मऊ होईल." मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, "आत्या, तुला कवचाचा हवाय की मधला?" मी म्हटलं, दे कुठलाही. माझ्या आवाजातली मेट्रन कुठे गेली होती कोण जाणे.

त्याला आता बरेच महिने झाले. वर्गशिक्षिकेचं बोलावणं पुन्हा आलं नाही. उलट मागे एकदा कुणीतरी खडू फोडले तेव्हा वाटाण्याने उभं राहून सांगितलं, मी नाही, आणि बसली. भावाला मी फोन करून सांगितलं, तुझी लेक चौकशी करते तुझी, पण तारीख सांगितलीस तर याद राख. तो आता तिला फोन करतो, बोलतो, तारीख सांगत नाही. एवढं तरी शिकला. प्रभुभोजनाला भावजय अजून उठत नाही. तो तिचा आणि देवाचा प्रश्न आहे. मी त्यात पडत नाही. म्हणजे पडते, पण दोघंही माझं ऐकत नाहीत.

वाटाणा माझ्याकडे चुका मागायला येत नाही. शनिवारी येते, बटाटे सोलते, साली जाड काढते, मी ओरडते.

रविवारची रीत चालू आहे, फक्त क्रम उलटा झालाय. आता आधी पाव, मग बोलणं, आणि काही नसेल सांगायला तर नाही सांगायचं. मीही वर जाते. टेबलाचं डोकं भिंतीपासून ओढून घेतलंय, तिथे मी बसते, कारण माझे गुडघे दुसरीकडे मावत नाहीत. दर रविवारी टेबलाशी बसल्या बसल्या भावजय लेकीला हळूच विचारते, "झालं का?" बूट कुणी म्हणत नाही, पण कशाबद्दल ते तिघींना कळतं.

वाटाणा खरंच विचार करते. उगीच म्हणायचं म्हणून म्हणत नाही. मग मान हलवते.

"अजून नाही," ती म्हणते, आणि पाव मोडून पहिला तुकडा आईच्या ताटात ठेवते.